‘कावासाकी’ नाव एक, मूळ वेगळं

मोटारसायकल, लहान मुलांचा आजार आणि टोकियोशेजारचं शहर, तिन्हींचं नाव कावासाकी. म्हणून मूळही एकच, हा समज चुकीचा आहे. कागोशिमात जन्मलेल्या शोझो कावासाकींनी १८७८ मध्ये टोकियोत जहाजबांधणीचा कारखाना काढला; मोटारसायकलवरचं नाव त्यांचं. आजाराचं नाव डॉ. तोमिसाकू कावासाकींचं, त्यांनी १९६७ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. दोन्ही नावं माणसांची, शहराची नव्हेत. कुणी म्हणेल, नाशिककर नाशिकचे, तसं हे आडनाव तरी शहरावरूनच आलं असणार. पण ‘कावा’ म्हणजे नदी, ‘साकी’ म्हणजे भूशिर. असं नाव कुठल्याही नदीकाठी पडू शकतं. जन्मगाव आणि आडनाव जुळलं, तरी तेच त्याचं मूळ असं नाही: टेनिसपटू नाओमी ओसाकाचे वडील हैतीचे. ती ओसाका शहरातच जन्मली, तरी आडनाव आईचं. म्हणून नावातलं साम्य हा पुरावा नव्हे, ती शोधाची सुरुवात आहे.