जुगाराच्या आहारी गेलेल्या स्त्रिया, स्वमदत आणि दूरस्थ गटाधार : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) ‘स्वयंसहायता गट’ म्हटले की बचत, अंतर्गत कर्ज आणि बँकेची जोडणी एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. १९९२ साली नाबार्डने सुरू केलेल्या बँक-जोडणी कार्यक्रमामुळे आणि पुढे महिला आर्थिक विकास महामंडळ व ‘उमेद’ अभियान यांच्या कार्यामुळे हा अर्थ दृढ झाला. परंतु या संकल्पनेला आणखी एक अर्थ आहे : एकाच व्यसनाने ग्रासलेल्या व्यक्तींनी एकमेकांच्या आधाराने त्यातून बाहेर पडणे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अर्थाचा, जुगाराच्या आहारी गेलेल्या स्त्रियांच्या संदर्भात विचार केला आहे. हे दोन अर्थ परस्परपूरक आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. या प्रश्नापुरते मात्र ते एकमेकांच्या आड येतात.

दुर्गुण की व्याधी

भारतीय परंपरेत जुगाराची नोंद फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची होरपळ आहे आणि त्याच्या पत्नीचीही. महाभारतात द्रौपदी पणाला लागते. म्हणजे स्त्री ही पण तरी असते किंवा बळी तरी. वेरूळच्या लेण्यांत शिवासमवेत सारीपाट खेळणारी पार्वती दिसते, पण तो दैवी कौतुकाचा विषय ठरला. जुगारी स्त्रीची कल्पना समाजाने कधी गंभीरपणे केली नाही. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या नावाने मुंबईत फोफावलेला मटकाही पुरुषांचाच राहिला, कारण आकडा लावण्यासाठी टपरीवर जावे लागे. भ्रमणध्वनीने ही अट काढून टाकली. रमी, तीन पत्ती, रंग ओळखण्याचे खेळ हे सर्व स्वयंपाकघरात, निजलेल्या मुलाशेजारी, कोणाच्याही नकळत खेळता येऊ लागले.

वैद्यकशास्त्राने या सवयीला व्याधीचा दर्जा तुलनेने उशिरा दिला. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात ती १९८० साली समाविष्ट झाली, आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तिला दारू व अमली पदार्थांच्या पंक्तीत, व्यसनांच्या प्रकरणात स्थान मिळाले. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात प्रत्यक्ष जुगार आणि आंतरजालावरील जुगार असे दोन पोटप्रकारही केले आहेत. हरलेला पैसा परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, खोटे बोलणे आणि खेळावरील ताबा सुटणे ही लक्षणे लोभापेक्षा निराळ्या गोष्टीकडे निर्देश करतात.

स्त्रियांच्या बाबतीत पाश्चात्त्य संशोधनातून दोन बाबी वारंवार मांडल्या गेल्या आहेत. पुरुष बहुधा थरारासाठी खेळतो. अनेक स्त्रिया एकटेपणा, घरातील ताण किंवा मारझोड विसरण्यासाठी खेळू लागतात. तसेच स्त्रिया उशिरा सुरुवात करतात, पण तीव्र अवस्थेपर्यंत लवकर पोहोचतात. हा दुसरा निष्कर्ष सर्वच अभ्यासांत सारख्या प्रमाणात आढळलेला नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. मार्क आणि लेस्यूर यांनी १९९२ मध्येच या क्षेत्रातील संशोधनावर स्त्रीवादी टीका करून, पुरुषांच्या अनुभवावरून सर्वांविषयी सिद्धांत मांडले जातात, याकडे लक्ष वेधले होते.

अनामिक गटाची रीत आणि तिची मर्यादा

‘गॅम्ब्लर्स अॅनॉनिमस’ ही संघटना १९५७ साली लॉस एंजेलिस येथे सुरू झाली. १९३५ च्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ चाच हा विस्तार होय. बारा पायऱ्या, नावाची गुप्तता, शुल्क नाही, आणि प्रवेशासाठी एकच अट : जुगार सोडण्याची इच्छा. या पद्धतीत एक अत्यंत व्यवहार्य भाग आहे. सदस्य काही काळ टिकून राहिला की अनुभवी सदस्य त्याच्यासोबत बसून सर्व देण्यांची यादी करतात आणि झेपेल अशी परतफेडीची योजना आखतात. नवे कर्ज काढून जुने फेडू नये आणि नातेवाइकांनी एकरकमी देणी भागवून ‘सोडवू’ नये, हा आग्रह असतो. कारण मोकळा झालेला हात पुन्हा खेळाकडेच वळतो.

तथापि, सुरुवातीच्या काळात पैशाचे व्यवहार दुसऱ्याच्या हाती सोपवावेत, हा सल्ला येथील स्त्रीला जसाच्या तसा लागू करता येत नाही. तो ज्यांच्यासाठी तयार झाला ते बहुतांशी कमावते पुरुष होते आणि ‘दुसरी’ व्यक्ती म्हणजे पत्नी. ग्रामीण स्त्रीने आपले खाते, दागिने आणि एटीएम कार्ड पतीच्या स्वाधीन केले तर जुगार कदाचित थांबेल, पण अनेक वर्षांत मिळवलेली थोडीशी आर्थिक स्वायत्तताही जाईल. बहीण, आई किंवा गटाने सुचवलेली विश्वासू स्त्री यांच्याकडे ही जबाबदारी देणे, यूपीआयची दैनिक मर्यादा कमी करून घेणे, उसनवारीची अॅप काढून टाकणे, खेळण्याची ऊर्मी कोणत्या वेळी येते याची टिपणवही ठेवणे, हे स्वमदतीचे मार्ग अधिक सोयीचे ठरतात.

बचत गट का पुरेसा नाही

हा प्रश्न गावातील बचत गटातच का मांडू नये? उत्तर गटाच्या रचनेतच आहे. गटातील कर्ज हे सभासदांच्या बचतीतून दिले जाते. एकीने हप्ता थकवला की पुढील बँक-कर्जाच्या वेळी सर्वांची पत खाली येते. अशा बैठकीत ‘मी शिलाई यंत्रासाठी घेतलेले पैसे खेळात घालवले’ असे सांगणे म्हणजे ज्यांचे पैसे गेले त्यांच्यापुढेच कबुली देणे होय. त्यामुळे तेथे मौनच पाळले जाते. शिवाय पाथर्डी, शेवगाव भागातील ऊसतोड कुटुंबे हंगामात काही महिने गावाबाहेर असतात. प्रत्यक्ष भेटीवर चालणारा कोणताही गट त्या काळात तुटतो. दूरस्थ गटाचे खरे मोल येथे आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनामिक गटांच्या सभा मोठ्या प्रमाणावर आंतरजालावर गेल्या आणि ही रीत व्यवहार्य असल्याचे दिसून आले.

मात्र दूरस्थ म्हणजे आपोआप गुप्त नव्हे. व्हॉट्सअॅपच्या गटात सदस्यांना एकमेकींचे क्रमांक दिसतात. तालुक्याच्या ठिकाणी क्रमांकावरून माणूस ओळखणे अवघड नसते. घरात एकच भ्रमणध्वनी असेल तर संदेश मुलाच्या किंवा पतीच्या हाती पडतो. म्हणून टोपणनाव, बंद कॅमेरा, संदेश मागे न ठेवणारी ध्वनिसभा आणि दुपारची निवांत वेळ या गोष्टी तांत्रिक तपशील वाटल्या तरी गट टिकणे न टिकणे त्यांवरच अवलंबून आहे. ज्या साधनावर जुगार खेळला जातो त्याच साधनावर मदत घ्यावी लागते, हा अंतर्विरोधही उरतोच.

जामखेड आणि मुक्तांगण

अशा गटासाठी परकीय नमुनाच हवा असे नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली याच जिल्ह्यातील जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथे अल्पशिक्षित, अनेकदा दलित स्त्रिया ग्राम आरोग्य सेविका झाल्या. त्या नियमितपणे केंद्रावर एकत्र येत, शिकत आणि आपापली दुःखेही बोलत. बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा आपल्यातल्याच बाईचे बोलणे अधिक पटते, हे तत्त्व तेथे सिद्ध झाले. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा आधारगट चालवला. तेथील स्त्री दुसऱ्याच्या व्यसनाविषयी बोलते. स्वतःच्या व्यसनाविषयी बोलणाऱ्या स्त्रीला सहानुभूतीऐवजी दूषणे मिळतात, हा फरक विसरून चालणार नाही. जामखेडची ताकद ओळखीत होती, अनामिक गटाची ताकद अनोळखीपणात आहे. जिल्ह्यातील गटाला दोन्हींचा मेळ घालावा लागेल : सूत्रधार स्त्री ओळखीची व प्रशिक्षित, सदस्य मात्र वेगवेगळ्या तालुक्यांतील आणि परस्परांना अपरिचित.

कायदा आणि महाविद्यालये

१८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमाखाली अड्ड्यावर सापडलेली व्यक्तीही गुन्हेगार ठरते. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग अधिनियमाने पैशाचे खेळ, त्यांच्या जाहिराती व व्यवहार यांवर बंदी घातली, परंतु खेळणाऱ्यास शिक्षेची तरतूद केली नाही. त्यामुळे मदत मागणाऱ्या स्त्रीला पोलिसांची धास्ती वाटण्याचे एक कारण कमी झाले, हे तिला कोणीतरी सांगावयास हवे. बंदीने अॅप बंद होते. देणी आणि ऊर्मी राहतात, आणि परदेशांतून चालणारी संकेतस्थळे खुणावत राहतात.

जुगाराच्या कर्जातून आत्महत्येचे विचार येण्याचा धोका मोठा असल्याने कोणताही मदतगट उपचारांना पर्याय ठरू शकत नाही. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतूनही उपलब्ध असून तो महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर, विशेषतः विद्यार्थिनी कक्षात लावणे खर्चाचे काम नाही. शिष्यवृत्तीची रक्कम खात्यावर जमा होताच नाहीशी होणे, मैत्रिणींकडे वारंवार लहान रकमांची उसनवारी, वसतिगृहाचे शुल्क थकणे ही चिन्हे प्राध्यापकांच्या दृष्टीस प्रथम पडतात. अशा वेळी पालकांना तातडीने बोलावण्याची रूढ पद्धत मुलीचे शिक्षणच थांबवू शकते. आधी तिच्याशी एकांतात बोलावे, समुपदेशकाकडे न्यावे, आणि घरी कोणाला, केव्हा सांगायचे हे तिच्याशी विचारविनिमय करून ठरवावे.