नैतिक आघात

नैतिक आघात म्हणजे स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीला न पटणारे कृत्य केल्यामुळे, रोखता न आल्यामुळे किंवा पाहावे लागल्यामुळे मनाला होणारी खोल इजा होय. ही संज्ञा मुख्यतः युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात वापरली जाते.

इतिहास

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवर उपचार करताना ही कल्पना मांडली. ‘अकिलिस इन व्हिएतनाम’ (१९९४) या ग्रंथात त्यांनी वरिष्ठांकडून झालेल्या विश्वासघातावर भर दिला. २००९ मध्ये ब्रेट लिट्झ व सहकाऱ्यांनी केलेल्या व्याख्येत सैनिकाच्या स्वतःच्या कृतींनाही स्थान मिळाले.

स्वरूप

आघातोत्तर ताणविकारात भीती प्रमुख मानली जाते, तर नैतिक आघातात अपराधभाव, शरम व विश्वासभंग. ‘तुमचा दोष नव्हता’ एवढ्याने अशा व्यक्तीचे समाधान होत नाही; कारण काही वेळा दोष खरा असतो.

उपचार

लिट्झ यांच्या पद्धतीत रुग्ण एखाद्या आदरणीय, क्षमाशील व्यक्तीशी काल्पनिक संवाद साधतो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत चॅप्लेन (संस्थेने नेमलेले धर्मसेवक) मानसोपचारतज्ज्ञांच्या जोडीने काम करतात. ते निदान करत नाहीत. कबुली ऐकतात, गोपनीयता पाळतात आणि प्रायश्चित्त व क्षमा यांविषयी बोलण्यास वाव देतात. दोष नाकारण्याऐवजी त्याची जबाबदारी स्वीकारून पुढे जगता यावे, हा या उपचारांचा हेतू असतो.