खांचेंत धांवणारी मोटार कशी पारखावी?

रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या कोंकण रेल्वेचें विद्युतीकरण २०२२ सालीं पुरें झालें. इंजिन डोक्यावरील तारेंतून २५,००० व्होल्टांची वीज घेतें व ती रुळांवाटे परत जाते. वीज वाटेंतूनच घेण्याचें हेंच तत्त्व खांचेंत धांवणाऱ्या लहानशा मोटारींत आहे. ‘स्केलेक्स्ट्रिक’ नांवाचा हा खेळ इंग्लंडांत १९५७ सालीं निघाला. खांचेच्या दोन्ही बाजूंस धातूच्या पट्ट्या असतात. गाडीच्या पोटाखालील विणलेल्या तारांच्या फिती त्यांवर घासून सौम्य दाबाची वीज घेतात.

स्वल्प किमतीची गाडी घेतांना रंगरूपास भुलूं नये. मार्गावर ठेवल्यावर चारही चाकें टेकतात काय, दोन्ही फिती पट्ट्यांस सारख्या लागतात काय, मागील चाकें न डगमगतां फिरतात काय, हें प्रथम पाहावें. फिती व रबरी धांवा झिजतात. त्या सुट्या मिळत नसतील तर स्वस्ताई अखेर महागच पडते.

पोटाखालील लोहचुंबक गाडीस लोखंडी पट्ट्यांवर धरून ठेवतो. परंतु वेग दुप्पट केला कीं तेंच वळण घेण्यास चौपट बल लागतें, हा नियम अनुभवावयाचा असेल, तर चुंबक काढतां येईल अशीच गाडी निवडावी. मग वळणापूर्वीं वेग आवरण्याचें शिक्षण आपोआप मिळतें.

पेण-रोह्याच्या दमट पावसाळ्यांत पट्ट्यांस गंज चढतो. तेव्हां गाडी मंदावल्यास पालकांनीं नवी घेण्यापूर्वीं मुलांकडून पट्ट्या कोरड्या फडक्यानें पुसवून घ्याव्या. पुष्कळदां तेवढ्यानेंच ती पूर्ववत् धांवूं लागते.