सायनस लिफ्ट: इम्प्लांटआधीच्या शस्त्रक्रियेत काय होते, काय जपायचे?

वरची दाढ काढून बरीच वर्षे झाली आहेत. हदगावहून साठ-सत्तर किलोमीटर प्रवास करून तुम्ही इम्प्लांटसाठी नांदेडला जाता. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणतात, "हाड कमी आहे, आधी सायनस लिफ्ट करावी लागेल." दाताचे काम सायनसपर्यंत कसे गेले, असा प्रश्न पडतोच. ही शस्त्रक्रिया तशी सुरक्षित आहे. मात्र तिला वेळ लागतो, आणि नंतरचे पहिले काही आठवडे नाक जपणे हे रुग्णाच्याच हातात असते.

हाड कमी का होते?

वरच्या दाढांच्या मुळांवर, गालामागे, हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. दाढ काढल्यावर त्या जागेवर चावण्याचा ताण येत नाही, त्यामुळे तिथले हाड झिजते. सायनसही हळूहळू खाली पसरतो. हिरड्यांच्या जुन्या आजारानेही हाड कमी होते. इम्प्लांटचा स्क्रू घट्ट बसायला साधारण ८ ते १० मिलिमीटर उंचीचे हाड लागते. काहींचे २-३ मिलिमीटरच उरलेले असते.

शस्त्रक्रिया कशी करतात?

सायनसच्या आत पातळ पडदा असतो. तो अलगद वर उचलून खालच्या जागेत हाडाची पूड भरतात. अमेरिकेतील डॉ. हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. बॉईन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

- बाजूने: हाड फारच कमी असेल तर हिरडी उघडून गालाच्या बाजूच्या हाडाला छोटी खिडकी पाडतात.
- खालून: साधारण ५ मिलिमीटर किंवा जास्त हाड असेल तर इम्प्लांटच्याच छिद्रातून पडदा उचलतात. इम्प्लांटही बहुधा त्याच वेळी बसते.

बहुतेकांना फक्त जागा बधिर करण्याचे इंजेक्शन पुरते. दुखत नाही, पण दाब आणि कंप जाणवतो.

भरायचे हाड रुग्णाचे स्वतःचे, दुसऱ्या माणसाने दान केलेले, प्राण्यापासून प्रक्रिया करून बनवलेले किंवा कृत्रिम असू शकते. प्राण्यापासूनचे हाड बऱ्याचदा गाय-बैलाचे असते. तुम्हाला ते चालणार नसेल तर संकोच न करता आधीच सांगा. पर्याय असतात.

आधी काय सांगावे, काय करावे?

- सीबीसीटी स्कॅन करून घ्या. त्यात हाडाची उंची आणि सायनसची स्थिती कळते.
- मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडे ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. स्वतःहून गोळ्या बंद करू नका.
- नेहमी सर्दी, गाल जड होणे, नाकातून घाण वास येणे असा त्रास असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.
- बिडी-सिगारेट, गुटखा, तंबाखू-चुना, मिश्री बंद करा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सवय सुटलेली नसते. धूम्रपानाने जखम उशिरा भरते आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो.
- सोयाबीनची रास किंवा हळदीचा हंगाम टाळून तारीख घ्या. धुळीने शिंका येतात आणि पोती उचलल्याने ताण पडतो.

नंतरचे दोन-तीन आठवडे

गालावर सूज येते आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. नाकातून एक-दोन दिवस थोडे रक्त येऊ शकते. घाबरू नका.

- नाक शिंकरू नका. शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडे ठेवून शिंका.
- स्ट्रॉने पिणे, फुगा किंवा शंख फुंकणे, जोरात थुंकणे टाळा.
- डोके उंच ठेवून झोपा.
- वरण-भात, खिचडी, लापशी असे मऊ आणि कोमट अन्न दुसऱ्या बाजूने खा.
- अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा.
- विमानप्रवास असेल तर आधी विचारा.

काय बिघडू शकते?

शस्त्रक्रियेत पडदा फाटणे ही सर्वांत जास्त आढळणारी अडचण आहे. छोटे छिद्र तिथेच झाकता येते. मोठे असेल तर काम थांबवून काही महिन्यांनी पुन्हा करावे लागते. कधी जंतुसंसर्गही होतो.

लगेच फोन करा: दाबून धरूनही अर्ध्या तासात रक्त थांबत नसेल, ताप आला, तीन दिवसांनंतर सूज वाढली, नाकातून पू किंवा भरलेल्या पुडीचे कण आले, किंवा पाणी पिताना ते नाकात गेले तर. गाव लांब असल्याने रात्री कोणाला फोन करायचा, हे घरी निघण्याआधीच विचारून घ्या.

एकूण किती वेळ?

नवे हाड पक्के व्हायला ४ ते ९ महिने लागतात. इम्प्लांट नंतर बसवले तर कॅप बसेपर्यंत आणखी काही महिने जातात. म्हणजे पूर्ण काम वर्षभराचेही असू शकते. पूर्ण खर्च आणि किती फेऱ्या पडतील, हे आधीच लिहून मागा.

प्रत्येकाला सायनस लिफ्ट लागतेच असे नाही. काहींना आखूड इम्प्लांट, ब्रिज किंवा काढता येणारी कवळीही चालते. "माझे हाड किती मिलिमीटर आहे, आणि हे नाही केले तर दुसरे काय?" हे दोन प्रश्न विचारून मगच होकार द्या.