टर्बो म्हणजे भोवरा

गुरुजींनी वर्गात विशेषण शिकवले. फळ्यावर लाल, गोड, उंच असे शब्द लिहिले. मी विचारले, "गुरुजी, टर्बो हे विशेषण आहे का?" सगळी मुले हसली. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "टर्बो ट्रॅक्टर म्हणतो ना आपण? कसला ट्रॅक्टर? टर्बो. मग झालंच की विशेषण! आता तूच माहिती काढ आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून मी हे लिहीत आहे.

पहिल्यांदा व्याकरण सांगतो. चांगला बैल, चांगली गाय, चांगले वासरू असे चांगला हा शब्द बदलतो. टर्बो बदलत नाही. टर्बो ट्रॅक्टर, टर्बो गाडी, टर्बो इंजिन. म्हणजे तो लाल या शब्दासारखा आहे. इंग्रजीत पूर्ण शब्द टर्बोचार्ज्ड असा आहे. त्याचा अर्थ टर्बो बसवलेला.

टर्बो हा मूळचा लॅटिन भाषेतला शब्द. ही जुन्या रोमन लोकांची भाषा. त्यांच्यात टर्बो म्हणजे आपला भोवरा! वावटळीलाही ते तेच म्हणत. पुढे १८२२ साली फ्रान्समधल्या बुर्दँ नावाच्या इंजिनियरने पाण्याच्या जोराने फिरणाऱ्या चाकाला टर्बाइन हे नाव दिले. आपल्या कोयनेला वीज तयार होते ती टर्बाइन फिरवूनच.

आता इंजिनातला टर्बो. चूल पेटत नसली की आई फुंकणीने फुंकते आणि जाळ होतो, कारण जळायला हवा लागते. डिझेलचेही तसेच आहे. सिलिंडरमध्ये जेवढी हवा असेल तेवढेच डिझेल नीट जळते, जास्त ओतले तर नुसता काळा धूर निघतो. म्हणून इंजिनाला फुंकणी पाहिजे. पण फुंकणार कोण? इथे एक युक्ती आहे. सायलेन्सरकडे जाणारा धूर गरम असतो आणि जोरात पळत असतो. त्याच्या वाटेत एक छोटे पंख्याचे चाक ठेवतात. धुराने ते फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते, ते बाहेरची ताजी हवा ओढून इंजिनात दाबून भरते. धूर आणि हवा एकमेकांत मिसळत नाहीत. जो धूर वाया जायचा तोच आता भाता ओढतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते आणि तेवढ्याच इंजिनातून जोर जास्त मिळतो. ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांची. त्यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. आधी ती मोठ्या इंजिनांना बसवली, मोटारींना बऱ्याच वर्षांनी. अमेरिकेत १९६२ साली टर्बोच्या मोटारी विकायला आल्या. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनालाही टर्बो होता.

मी खरा टर्बो हातात घेऊन पाहिला आहे. आमच्या चुलत्यांनी जुना ट्रॅक्टर घेतला, त्याचा टर्बो गेला होता. मेस्त्रींनी तो खोलला. बाहेरून अगदी गोगलगायीच्या शंखासारखा दिसतो! आतले चाक हाताने फिरवले तर खरखर करत होते. मेस्त्री म्हणाले की हे चाक मिनिटाला एक लाखापेक्षा जास्त फेरे घेते, आणि दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. नांगरून आल्या आल्या किल्ली बंद केली की ऑइल येणे थांबते, पण चाक तापलेले असते आणि फिरतही असते. मग दांडा घासतो. "शर्यतीचा बैल पळून आला की लगेच दावणीला बांधता का? जरा फिरवताच ना? तसं इंजिन एक-दोन मिनिटं हळू चालू द्यायचं, मग बंद करायचं." सुरू केल्यावरही लगेच रेस करायची नाही. चुलत्यांचे टर्बोला बरेच पैसे गेले. म्हणून ज्यांच्या घरी टर्बो ट्रॅक्टर आहे त्या पालकांनी हा भाग जरूर वाचावा.

टर्बोचा दुसरा अर्थही इंग्रजीत आहे. एकदम वेगवान किंवा जोरदार, असा. व्यापार भराभर वाढला तर तो टर्बोचार्ज्ड वाढला म्हणतात. १९८० नंतरच्या संगणकांवर तर टर्बो नावाचे बटण असायचे. गंमत अशी की त्याचा खरा उपयोग संगणक हळू करायला व्हायचा! जुने खेळ नव्या संगणकावर फार पळत, म्हणून टर्बो बंद करायचा.

हा अर्थ खोटा आहे असे मी म्हणत नाही. कबड्डीत आपण एखाद्याला टर्बो म्हणतो, त्याला काही सायलेन्सर नसतो. पण टेबलफॅनवर किंवा मिक्सरवर टर्बो लिहिले असेल आणि त्यासाठी जास्त पैसे मागत असतील, तर विचारावे की धूर कुठे आहे? विजेवर चालणाऱ्या वस्तूत धूर नाही, म्हणजे हा टर्बो असू शकत नाही. तिथे तो नुसता शब्द आहे.

मोठ्या कंपन्यासुद्धा असे करतात. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने १९७४ साली ९११ टर्बो ही मोटार दाखवली. तिच्यात खरा टर्बो होता. त्याच कंपनीने २०१९ साली टायकन टर्बो काढली. ती बॅटरीवर चालते, आणि तिला इंजिनच नाही.