पूयजनक (वैद्यकीय संज्ञा)

पूयजनक ही शरीरात पू निर्माण करणाऱ्या जंतूंना व विकारांना लावली जाणारी वैद्यकीय संज्ञा आहे. गळू, केसतूड, नखुर्डे व रांजणवाडी ही अशा विकारांची परिचित उदाहरणे होत.

व्युत्पत्ती

संस्कृत ‘पूय्’ या धातूचा अर्थ कुजणे, दुर्गंधी येणे असा आहे. त्यापासून ‘पूय’ हे नाम झाले. मराठी ‘पू’ हे त्याचेच झिजलेले रूप. ग्रीक ‘प्युऑन’ आणि लॅटिन ‘पूस’ हे शब्दही त्याच इंडो-युरोपीय मुळातील आहेत. ‘पायोजेनिक’ या संज्ञेतील ‘जेन’ आणि संस्कृत ‘जन्’ हेही सगोत्र आहेत. म्हणून ‘पूयजनक’ हा प्रतिशब्द अर्थाने व कुळानेही मूळ संज्ञेशी जुळतो. ‘पायोरिया’ म्हणजे शब्दशः पू वाहणे.

आयुर्वेदातील विचार

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सुजेच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्ची सूज फोडणारा आणि पिकलेल्या सुजेकडे दुर्लक्ष करणारा, अशा दोन्ही वैद्यांना सुश्रुताने दोष दिला आहे. खोल गळवाला तेथे ‘विद्रधी’ म्हटले आहे.

आधुनिक वैद्यक

मृत पांढऱ्या पेशी, जंतू, नष्ट झालेल्या ऊती व द्रव यांचे मिश्रण म्हणजे पू. मध्ययुगीन युरोपात जखमेत पू होणे हे बरे होण्याचे लक्षण मानीत. 1880 मध्ये स्कॉटिश शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवांतील पुवात गोलाकार जंतू दाखविले. द्राक्षांच्या घोसासारख्या रचनेवरून त्यांतील एका प्रकाराला ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव मिळाले.

लोकभाषेतील वापर

‘गळू पिकणे’ हा मराठी वाक्प्रचार ‘पक्व’ अवस्थेचाच वारसा आहे. परंतु पिकण्याची वाट पाहत राहणे मधुमेही रुग्णास घातक ठरू शकते. चेहऱ्यावरील पुळी पिळल्यासही संसर्ग पसरण्याचा धोका असतो. ‘काळपुळी’ हा शब्द अनेक तोंडांच्या पूयजनक गळवास, तसेच गुरांपासून माणसास होणाऱ्या अँथ्रॅक्स या रोगासही वापरतात. अँथ्रॅक्सचा काळा व्रण सहसा वेदनारहित असून त्यात पू नसतो. त्यामुळे केवळ नावावरून निदान करू नये.

मराठवाड्यातील अध्यापन

नांदेड येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. आयुर्वेदाचा विद्यार्थी ज्यास ‘विद्रधी’ म्हणतो, त्यास आधुनिक वैद्यकाचा विद्यार्थी ‘ॲबसेस’ म्हणतो. रुग्णाच्या तोंडी मात्र ‘गळू’ हाच शब्द असतो.