विश्लेषण: बॅकअप घेतला होता, तरी चॅट आणि फोटो परत का मिळत नाहीत?

फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो किंवा एके दिवशी सुरूच होत नाही. नवीन फोन दोन दिवसांत घेता येतो. जुन्या फोनमधले मुलांचे फोटो, गेलेल्या माणसाच्या आवाजातले व्हॉइस मेसेज, कामाच्या चॅट मात्र विकत मिळत नाहीत. ‘बॅकअप सुरू होता ना, मग?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. बहुतेकदा बॅकअप असतोही, पण तो परत मिळवताना गाडी अडते. ती नेमकी कुठे अडते आणि आधीच काय करून ठेवायला हवं, हे समजून घेऊया.

सिंक म्हणजे बॅकअप का?

नाही. सिंकमध्ये फोन आणि क्लाउड एकमेकांसारखे ठेवले जातात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो अॅपमधून डिलीट केला, तर तो क्लाउडमधूनही जातो. ट्रॅशमध्ये तो ६० दिवस राहतो, त्यानंतर कायमचा नाहीसा होतो. आयफोनच्या आयक्लाउड फोटोजमध्येही एका ठिकाणी डिलीट केलेला फोटो सगळीकडून जातो. ‘फोनमधली जागा मोकळी करू’ म्हणून सरसकट फोटो डिलीट करणारे अनेकजण इथेच फसतात. गूगल फोटोजमध्ये जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय आहे. त्यातून फक्त फोनमधली प्रत जाते, क्लाउडमधली राहते.

बॅकअप गुपचूप बंद कसा पडतो?

जागा संपल्यामुळे. गूगल खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज या तिघांत मिळून असते. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअप पूर्वी या जागेत मोजला जात नसे, २०२४ पासून तोही मोजला जाऊ लागला. आयक्लाउडवर तर मोफत जागा ५ जीबीच आहे. जागा भरली की नवीन बॅकअप थांबतो. सूचना येते, पण ती रोजच्या शंभर नोटिफिकेशनमध्ये हरवून जाते. मग फोन बिघडल्यावर कळतं, की शेवटचा बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा आहे.

व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमध्ये काय तपासावं?

सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’ आणि त्यात ‘चॅट बॅकअप’ उघडा. तिथे चार गोष्टी पाहा.

• शेवटच्या बॅकअपची तारीख. फोनमधला आणि गूगलवरचा बॅकअप वेगवेगळे असतात. फोनमधला बॅकअप फोनबरोबरच जातो.
• बॅकअप कोणत्या गूगल खात्यावर जातो. दुकानदाराने फोन सुरू करून देताना उघडलेलं, पासवर्ड कुणालाच माहीत नसलेलं खातं इथे दिसलं, तर लगेच बदला.
• व्हिडिओ समाविष्ट आहेत का. त्यासाठी वेगळं बटण असतं. ते बंद असेल तर व्हिडिओ बॅकअपमध्ये जात नाहीत.
• एंड-टू-एंड एन्क्रिप्शन सुरू आहे का. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या सोयीमुळे बॅकअप इतर कुणाला वाचता येत नाही. पण त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी की हरवली, तर व्हॉट्सअॅपही तो उघडून देऊ शकत नाही. पासवर्ड कागदावर लिहून घरात जपून ठेवा.

नवीन फोनवर सर्वात महागात पडणारी चूक कोणती?

‘रिस्टोअर’चा पर्याय घाईत वगळणं. नवीन फोनवर आधी जुनंच गूगल खातं जोडावं, मग व्हॉट्सअॅप टाकून जुनाच नंबर द्यावा. नंबरची पडताळणी झाली की बॅकअप सापडल्याचं दिसतं आणि ‘रिस्टोअर’ करायचं का, असं विचारलं जातं. ‘नंतर बघू’ म्हणून ते वगळलं, तर अॅप रिकामंच सुरू होतं. त्याच नंबरचा त्याच खात्यावर नवीन बॅकअप झाला, की तो जुन्यावर चढतो आणि जुन्या चॅट पुसल्या जातात. पर्याय वगळला गेलाच, तर पुढचा बॅकअप होण्याआधी अॅप काढून पुन्हा टाकावं.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना गूगलवरचा हा बॅकअप चालत नाही. त्यासाठी दोन्ही फोन जवळ ठेवून थेट चॅट हलवाव्या लागतात. म्हणून नव्या फोनवर सगळं नीट आल्याची खात्री होईपर्यंत जुना फोन विकू नका आणि रीसेटही करू नका.

फोन हरवला तर खातं उघडणार कसं?

बॅकअप गूगल खात्यात आहे, खात्यात जायला कोड लागतो आणि कोड हरवलेल्या फोनवर येतो. म्हणजे कुलूप लावलं आणि किल्ली घरातच राहिली! डुप्लिकेट सिम मिळतं, पण सिम-स्वॅपची फसवणूक टाळण्यासाठी त्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. यावर सोपा उपाय आहे. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू असलेल्या खात्याला गूगल आठ अंकी १० बॅकअप कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून किंवा लिहून ठेवा, फोनमध्ये स्क्रीनशॉट म्हणून नको.

एक बॅकअप पुरेसा आहे का?

महत्त्वाच्या गोष्टींसाठी नाही. जाणकार ‘३-२-१’चा नियम सांगतात: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती पातळीवर याचा अर्थ सोपा आहे. एक प्रत फोनमध्ये, एक क्लाउडवर आणि एक लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हमध्ये. एखादी चॅट फारच मोलाची असेल, तर ‘एक्स्पोर्ट चॅट’ वापरून ती स्वतःला ईमेल करता येते. मोलाचे व्हॉइस मेसेज वेगळे सेव्ह करून ठेवावेत.

बॅकअप खरंच चालतो, हे कसं कळेल?

परत मिळवून पाहिल्यावरच. महिन्यातून एकदा दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर आपल्या खात्यात लॉगइन करा. गेल्या आठवड्यातला एखादा फोटो शोधा, डाउनलोड करून उघडून पाहा आणि काम झालं की लॉगआउट करा. पाच मिनिटांचं काम आहे. फोटो सापडला नाही, तरी आज फोन हातात आहे, म्हणजे चूक अजून सुधारता येते.